शेजारच्या तासाचे नत्र

सोयाबीनचे चार तास, मग तुरीचे दोन. जुलै संपता संपता लातूरहून अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना हीच मांडणी पुन्हा पुन्हा दिसते. कुठे चाराला दोन, कुठे दोनाला एक, कुठे ट्रॅक्टरवाल्याच्या पेरणीयंत्राला जमेल तसे. नांदेड ओलांडून भोकर, हदगाव, किनवटकडे वळलात की कपाशीच्या ओळींमध्ये मूग-उडीद दिसू लागतो. ही रानं पाहून शाळा शिकलेला कोणीही सांगतो की कडधान्य हवेतले नत्र धरते आणि शेजारच्या पिकाला देते. पाठ्यपुस्तकात हेच असते, घडीपत्रिकेतही हेच. पण त्या चार-दोनच्या रानात उभे राहून एक साधा प्रश्न विचारावा. सोयाबीन हवेतले नत्र धरते, तूरही धरते. दोघेही आपापली सोय करून आलेले. मग इथे कोण कोणाला काय देते?

प्रस्तावना याच प्रश्नापासून सुरू करतो, कारण आंतरपिकातल्या नत्राचा अभ्यास जगात जिथे झाला तिथे जोडी बहुतेक वेळा एका तृणधान्याची आणि एका कडधान्याची होती: मका-चवळी, मका-फाबा बीन, ज्वारी-तूर. मराठवाड्यात खरिपाची ज्वारी हटली आणि तिच्या जागी सोयाबीन आले. त्यामुळे जगाच्या अभ्यासातून हाती आलेले उत्तर आपल्या रानाला जसेच्या तसे बसत नाही. परभणीला पदव्युत्तर शिकणारा विद्यार्थी, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रबंध हाती घेतलेली विद्यार्थिनी, औशाच्या पाच एकरांत दरवर्षी तासांची मांडणी बदलून पाहणारा शेतकरी, या तिघांनाही पुढची प्रकरणे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागेल. तपशील त्या प्रकरणांत आहेच. इथे मी फक्त वाट दाखवतो, आणि जिथे वाट अजून पडलेली नाही ती जागाही दाखवतो.

आधी मूळ गोष्ट. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा. एका हेक्टरवर उभ्या असलेल्या हवेत पंचाहत्तर हजार टनांहून अधिक नत्र असते आणि खाली त्याच हेक्टरातले पीक चाळीस-पन्नास किलोंसाठी पिवळे पडते. नत्रवायूच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते सोडवता येत नाहीत. विजेच्या कडकडाटात थोडेफार सुटतात. निसर्गातले बाकीचे जवळजवळ सारे काम जिवाणू करतात. जर्मनीत हर्मान हेलरीगेलने १८८६ साली बर्लिनच्या सभेत कडधान्याच्या मुळावरच्या गाठींचा आणि हवेतल्या नत्राचा संबंध मांडला. दोन वर्षांनी डेल्फ्टला मार्टिनस बायरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला. आपल्याकडे पुसा येथे एन. व्ही. जोशी यांनी १९२० च्या सुमारास या जिवाणूंवर काम सुरू केले. त्याआधी शेतकऱ्याला काहीच ठाऊक नव्हते असे मात्र समजू नये. हरभऱ्याच्या बेवडावर काय घ्यावे, कपाशीच्या बेवडावर काय घेऊ नये, हे घराघरात ठरलेले होते. कारण माहीत नव्हते, परिणाम पुरता माहीत होता.

गाठीच्या आत जे घडते ते खर्चिक आहे. नायट्रोजिनेज या विकराला नत्राचा एक रेणू फोडायला एटीपी या ऊर्जावाहकाचे किमान सोळा रेणू लागतात. ही ऊर्जा झाडाने उन्हात शिजवलेल्या साखरेतून येते. एका ग्रॅम नत्रामागे पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक कर्ब झाड मोजते. शिवाय या विकराला प्राणवायू सोसत नाही, आणि विकर बाळगणाऱ्या जिवाणूला तर श्वासासाठी प्राणवायू हवाच. हा पेच लेगहिमोग्लोबिन सोडवते. ते प्राणवायूला धरून ठेवते आणि लागेल तेवढाच पुढे सोडते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचेच हे नातेवाईक, म्हणून काम करणारी गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी-लाल निघते. पांढरी निघाली तर ती अजून कामाला लागलेली नाही किंवा आतले जिवाणू नुसतेच बसून खाणारे आहेत. हिरवट-तपकिरी निघाली तर तिचा काळ संपला.

एवढा खर्च करून मिळवलेले नत्र झाड शेजाऱ्याला का देईल? देत नाही. सोयाबीन आणि तूर दोन्ही हे नत्र अलँटॉइनसारख्या युराइडांच्या रूपात खोडातून वर पाठवतात. ते पानात जाते, शेंगेत जाते, शेवटी दाण्यात साठते. आणि मातीत तयार नायट्रेट भरपूर मिळाले तर झाड गाठींवरचा खर्चच कमी करते. सोयाबीनला युरियाचा जादा डोस दिला की पीक माजते, काळेभोर होते, आणि उपटून पाहिले तर मुळे जवळजवळ नागडी. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र आहे, ते पेरणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी, गाठी कामाला लागेपर्यंतचे. पुढे ओतलेला प्रत्येक किलो गाठींना सुट्टी देतो.

मग तुरीशेजारची ज्वारी सुखावते कशाने? एकत्र कुटुंबातला एक भाऊ पुण्याला नोकरीला लागला; घरी पैसे पाठवत नाही, पण घरच्या कणगीलाही हात लावत नाही. मागे राहिलेल्यांच्या ताटात भाकरी वाढते. आंतरपिकातला नत्राचा फायदा मोठ्या प्रमाणात असाच आहे. ज्वारीच्या दोन ओळींत तिसरी ज्वारीचीच असती तर तिन्ही एकाच नायट्रेटवर तुटून पडल्या असत्या. तिथे तूर आहे म्हणून मातीतला वाटा ज्वारीला जास्त मिळतो. याला नत्राची बचत म्हणतात, आणि नवख्या वाचकाने पहिल्यांदा हीच गोष्ट पक्की करावी. देण्यापेक्षा न घेणे मोठे आहे.

यात वेळेचाही भाग आहे. ज्वारीची भूक पहिल्या साठ दिवसांत तीव्र असते. तूर पहिले चाळीस-पन्नास दिवस नुसती उभी असल्यासारखी दिसते आणि ज्वारी निघाल्यावर फोफावते. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत, उदगीर-बिदर-जहीराबादच्या रस्त्याने गेलात तर आपल्यापासून फार दूर नसलेल्या रानात, रॉबर्ट विली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारी-तुरीच्या जोडीवर सत्तरच्या दशकात जे प्रयोग केले ते आजही या विषयाचा पाया आहेत. ज्वारीचे उत्पन्न जवळजवळ एकट्या ज्वारीइतके, आणि वर तुरीचे बऱ्यापैकी. दोन्ही पिके वेगवेगळी घेऊन तेवढेच धान्य काढायचे तर सुमारे दीडपट जमीन लागली असती. पण हा सगळा फायदा नत्राच्या नावावर टाकू नका. ऊन, ओल आणि मुळांची खोली यांचा त्यात मोठा वाटा आहे. प्रबंधांत मी नेहमी पाहतो की दीडचा आकडा आला की विद्यार्थी सरळ जिवाणूंचे आभार मानून मोकळा होतो.

जिवाणूंचे आभार दुसऱ्या एका कारणासाठी मानायला हवेत. ज्वारीने नायट्रेट पिऊन टाकले की तुरीच्या मुळाभोवती टंचाई होते, आणि टंचाईत गाठी जोमाने चालतात. म्हणजे ज्वारीच्या शेजारामुळे तुरीला आपल्या नत्राचा अधिक हिस्सा हवेतून आणावा लागतो. चीनमध्ये मका आणि फाबा बीन यांच्यावर झालेल्या कामात, जे २०१६ साली प्रसिद्ध झाले, याहून पुढची पायरी दिसली. मक्याच्या मुळांतून झिरपणारा रस फाबा बीनला जास्त गाठी धरायला उद्युक्त करतो. ज्वारीची मुळे तर आणखी एक खोडी करतात. त्यांच्या केसमुळांतून सॉर्गोलिओन नावाचा तेलकट पदार्थ पाझरतो आणि तो अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना रोखतो. आपल्या चिकण काळ्या मातीत याचे महत्त्व मोठे, कारण अमोनियम मातीच्या कणांना चिकटून राहते. नायट्रेट मात्र पावसाबरोबर खाली जाते किंवा रान चिबडले की वायू होऊन उडते. खरिपाची ज्वारी गेली तेव्हा कडबा गेला, भाकरी महागली, यावर पुष्कळ लिहून झाले. तिच्याबरोबर हा पहारेकरीही गेला, यावर कोणी फारसे लिहिले नाही.

आता प्रत्यक्ष देण्याचा मार्ग. तो आहे, पण अरुंद आहे. गाठी आणि बारीक मुळे सतत मरत असतात. जिवाणू आणि बुरशा त्यांना कुजवतात, त्यातले नत्र अमोनियम होऊन मातीत येते आणि जवळ ज्याचे मूळ असेल त्याला मिळते. दुसरा मार्ग बुरशीच्या धाग्यांचा. ए. बी. फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ साली मुळांशी घरोबा करणाऱ्या बुरशीला मायकोरायझा हे नाव दिले. आपल्या पिकांत तिचा जो प्रकार असतो तो मुळाच्या पेशीत शिरतो, तिथे झाडाच्या फांद्यांसारखा फुटतो आणि बाहेर मातीत केसापेक्षा बारीक धागे सोडतो. एकाच बुरशीचे धागे दोन वेगळ्या पिकांच्या मुळांना जोडू शकतात. १९८५ साली व्हॅन केसेल आणि सहकाऱ्यांनी कुंडीत सोयाबीनला खुणेचे जड नत्र, म्हणजे एन-१५, पाजले, आणि बुरशी असलेल्या कुंडीत ते शेजारच्या मक्यात जास्त पोचलेले दाखवले. नायजेरियात त्याआधी, १९८१ साली, नत्र कमी असलेल्या जमिनीत चवळीकडून मक्याकडे नत्र गेल्याचे दाखले आले होते.

उलट बाजूचे दाखलेही तितकेच वजनदार आहेत, आणि ते आपल्या जास्त जवळचे आहेत. इक्रिसॅटमध्ये कुमार राव आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात तुरीच्या नत्राचा एन-१५ ने माग काढला. तूर आपले बहुतेक नत्र हवेतून घेत होती, पण त्याच हंगामात शेजारच्या ज्वारीला त्यातले काही मिळाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. मग फायदा कोणाला? पुढच्या पिकाला. तुरीनंतर घेतलेल्या मक्याला तिच्या बेवडाचा लाभ हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र टाकल्याइतका झाला. युरियात ४६ टक्के नत्र असते. तेव्हा हे ४० किलो म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या, एकराला पाऊण गोणीच्या आसपास. आकडा फार मोठा नाही. पण तो गळलेल्या पानांतून आणि कुजलेल्या मुळांतून हळूहळू येतो, एका पावसात वाहून जात नाही. जंगलातली झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना निरोप पाठवतात, खाऊ घालतात असे लेख अलीकडे फार निघाले. माझे मत विचाराल तर त्यांनी या विषयाचे नुकसानच केले. जाळे आहे. त्यातून किती वाहते, कोणत्या दिशेला वाहते आणि त्या वाहण्याने दाण्यात काही फरक पडतो का, हे प्रश्न वेगळे आहेत. शेतात मोजल्यावर उत्तर बहुतेकदा लहान येते.

बुरशीला मात्र कमी लेखू नये. तिचे मोठे काम स्फुरदाचे आहे, आणि स्फुरद नसेल तर गाठीला एटीपी कुठून मिळणार? मराठवाड्याच्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर, नत्र कमी, आणि स्फुरद असला तरी चुन्याने बांधलेला. तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरते आणि ते लोहाने बांधलेला स्फुरद सोडवते, हा १९९० साली ‘सायन्स’मध्ये आलेला इक्रिसॅटचा शोध आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. तो लाल जमिनीला लागू आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद लोहाशी नव्हे, कॅल्शियमशी बांधलेला. तिथे हरभऱ्याच्या मुळांतले सायट्रिक आम्ल जास्त उपयोगी पडते. पाटनचेरूला लाल आणि काळी अशा दोन्ही जमिनी आहेत. त्यांचे निष्कर्ष वाचताना प्रयोग कोणत्या रानात झाला हे आधी पाहावे. ही सवय लागली तर निम्मे गोंधळ टळतील.

आता आपल्या चार-दोनच्या रानाकडे परत येतो. सोयाबीन आणि तूर यांची गाठींची भागीदारी एकसारखी नाही. सोयाबीन निवडखोर. त्याला ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम आणि त्याचे जवळचे भाऊबंद लागतात. साठच्या दशकात पंतनगर आणि जबलपूरला पिवळे सोयाबीन पेरले तेव्हा बऱ्याच रानांत त्याला गाठीच धरेनात, आणि जिवाणू बाहेरून आणून बियाण्याला लावावे लागले. तूर मोकळ्या स्वभावाची. चवळी, मूग, उडीद, भुईमूग ज्या स्थानिक ब्रॅडीरायझोबियमांशी जमवतात त्यांच्याशी तिचेही जमते. हरभऱ्याचे जिवाणू या दोघांहून निराळे. म्हणून सोयाबीनवर हरभरा घेतला की ‘रानात रायझोबियम आहेच’ असे म्हणून चालत नाही. नांदेड-लातूरच्या एका वावरात वर्षभरात असे तीन वेगळे गोतावळे नांदतात. त्यांतले कोण कोणाच्या गाठीत शिरते, कोण शिरून नुसती साखर खाते, हा तरुण संशोधकांनी उचलावा असा विषय आहे.

सोयाबीनच्या नावावर मात्र उदारपणाची भलती ख्याती जमा झाली आहे. ढोबळ हिशेब मांडून पाहू. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने, म्हणजे ६.४ टक्के नत्र. एक क्विंटल सोयाबीन मोंढ्यावर गेले की ६.४ किलो नत्र गेले. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर ५१ किलो, युरियाच्या अडीच गोण्या. जगभरच्या नोंदींवरून सोयाबीन आपल्या नत्रापैकी सरासरी ५० ते ६० टक्के हवेतून घेते, बाकीचे मातीतून. झाडाच्या जमिनीवरच्या नत्रापैकी तीन-चतुर्थांश दाण्यात जाते असे धरले, तर सगळे मिळून ६८ किलो, त्यातले ३७-३८ हवेचे आणि ५१ गाडीत भरलेले. एकरी तेरा-चौदा किलोंची तूट. वर गुळी मळणीयंत्रापाशी पेटवली किंवा विकली तर तूट आणखी वाढते. मुळांत आणि गाठींत राहिलेले नत्र धरले तर तूट कमी होते, काहींच्या मते भरूनही निघते. मुळांतले नत्र नेमके किती यावर शास्त्रज्ञांत खरा वाद आहे. तो सुटेपर्यंत एवढे म्हणता येईल की सोयाबीन जमिनीला फारसे लुटत नाही आणि फारसे देतही नाही. लातूरच्या डाळ गिरण्यांतून देशभर जाणारी तूरडाळ आणि तेल काढून उरलेली, परदेशापर्यंत जाणारी सोयापेंड पाहिली की वाटते, आपले जिल्हे हवेतून आणि मातीतून काढलेले नत्रच वॅगनी भरून पाठवत आहेत.

तुरीचे खाते वेगळे आहे. तिच्या दाण्यात २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने, क्विंटलमागे साडेतीन किलो नत्र. तिचा पाला ऑक्टोबरपासून गळत राहतो आणि जागेवरच कुजतो. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत निघते, बीडीएन-७११ सारखी लवकर येणारी तूर दीडशेच्या पुढे जाते, बीएसएमआर-७३६ आणखी पुढे. म्हणजे सोयाबीनच्या गाठी मरायला लागतात त्याच सुमारास तूर वाढीला लागते, आणि दसऱ्याच्या आसपास मोकळ्या झालेल्या पट्ट्यात तिची मुळे पसरतात. मला वाटते, दोन कडधान्यांतली खरी वाटणी इथे असावी: सोयाबीनच्या कुजत्या मुळांतून सुटणारे नत्र तुरीच्या फुलोऱ्याला. ते मिळाले तर तुरीचे हवेतून घेणे त्या काळात कमीही होईल, कारण आयते मिळाले की गाठी सुस्तावतात. तसे असेल तर ही जोडी नत्राच्या दृष्टीने ज्वारी-तुरीपेक्षा कमकुवत ठरते. बाजाराच्या आणि पावसाच्या दृष्टीने ती कितीही शहाणपणाची असो. पावसाने सोयाबीन नेले तर तूर राहते. दोन तास तूर टाकणारा शेतकरी याच कारणासाठी टाकतो, नत्रासाठी नव्हे, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

कपाशीत मूग-उडीद ही जोडी मात्र जुन्या सूत्राला धरून आहे. कपाशी नत्राची भुकेली, मूग साठ-पासष्ट दिवसांत तोडणीला येणारा. शेंगा तोडून झाडे तिथेच कोळप्याने मोडली तर त्यांचा पाला कपाशीला पात्या लागायच्या दिवसांत कुजतो; जनावरांसाठी उपटून नेली तर फक्त बचतीचा फायदा उरतो. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ हे संकरित वाण ऐंशीच्या दशकात दिले आणि ते कोरडवाहू रानात गावोगाव गेले. त्या पिढीतल्या शेतकऱ्यांशी बोलताना कपाशीतल्या मुगाचा उल्लेख आपोआप येतो.

या सगळ्याला आपल्या जमिनीची आणि पावसाची चौकट आहे. गोदाकाठची खोल काळी आणि मुखेड-कंधारच्या बालाघाटावरची हलकी मुरमाड यांचे गाठीशास्त्र एक असणार नाही. खोल काळीत ऑगस्टच्या झडीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, गाठी बंद पडतात, आणि नायट्रेट खाऊन त्याचा वायू करणारे जिवाणू मोकाट सुटतात. चुनखडीच्या पट्ट्यात सोयाबीन पिवळे पडते ते पुष्कळदा लोहाअभावी. नायट्रोजिनेजलाही लोह आणि मॉलिब्डेनम हवे, तेव्हा तिथे गाठी असून नसल्यासारख्या. काळ्या रानात तुरीच्या गाठींना आणखी एक शत्रू आहे. रिव्हेलिया नावाच्या माशीची अळी गाठ आतून पोखरते. इक्रिसॅटमध्ये हे नुकसान लाल रानापेक्षा काळ्यात जास्त दिसले. हलक्या रानात उलटे दुखणे. पंधरा दिवसांचा खंड पडला की पान कोमेजण्याआधीच गाठींचे काम मंदावते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला हे वेगळे सांगायला नको.

जिवाणू संवर्धकांविषयी दोन शब्द, कारण वाचक ते विचारणारच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची द्रवरूप संवर्धके आणि बायोमिक्स आता गावोगाव माहीत झाले आहेत. बाटलीत जीव आहे हे मात्र विसरले जाते. पत्र्याच्या दुकानात मे महिना काढलेल्या पाकिटातून काय जिवंत उरेल? बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू हा क्रम आहे. तो उलटला की पैसे वाया. आणि जिथे पंचवीस-तीस वर्षे सोयाबीनच आहे तिथे मातीत त्याचे जिवाणू आधीच गर्दीने असतात. नवे पाकीट त्या गर्दीत गाठ पटकावेलच असे नाही. हरभऱ्याला, पहिल्यांदाच सोयाबीन घेतलेल्या रानाला आणि उन्हाळ्यात भाजून निघालेल्या माळाला त्याचा उपयोग अधिक, असे माझे मत आहे. सरसकट शिफारशीपेक्षा रान पाहून ठरवावे.

मोजण्याच्या पद्धतींवर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, पण पहिला हंगाम त्यासाठी थांबवू नका. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, वाफसा असताना, तासात आडवे जाऊन झाडे खोदून काढा. उपटू नका, कारण काळ्या चिकण मातीत उपटले की गाठी खालीच राहतात. सोयाबीनची तुरीलगतच्या तासातली झाडे वेगळी, मधल्या तासातली वेगळी. बादलीत मुळे भिजू द्या, धुवा, पांढऱ्या कागदावर गाठी मोजा, फोडा आणि गुलाबी किती ते लिहा. तुरीच्या गाठी शोधायला खोल जावे लागेल आणि हाती कमी लागतील. त्यावरून तूर काम करत नाही असा निष्कर्ष काढू नका. पाला सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. पुढेमागे एन-१५ च्या नैसर्गिक प्रमाणावरून हवेतल्या नत्राचा हिस्सा काढायचा झाला, तर त्याच रानातले, त्याच दिवशी काढलेले, गाठी न धरणारे एखादे झाड तुलनेला लागते, कारण मातीच्या नत्रात एन-१५ हवेपेक्षा किंचित जास्त असते आणि तो फरक त्या झाडावरूनच कळतो. बांधावरचे नको, तासातलेच कुर्डूचे एखादे रोप चालेल. खुरपणीवाल्या बायांनी ते काढून टाकण्याआधी रानात पोचा.